नाकाची सर्दी व छातीचा दमा

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या आरोग्यसभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेंत माझ्या नांवापुढें हा विषय छापलेला पाहून तुमच्यापैकीं कित्येकांस आश्चर्य वाटलें असेल. धर्मगुरूनें आत्म्याविषयीं बोलावें, नाकाविषयीं बोलण्यास डॉक्टर आहेत, असें एका वडीलधाऱ्या गृहस्थांनीं मला आतांच दारांत सुनावलें. त्यांचें म्हणणें खोटें नाहीं. मी वैद्य नाहीं आणि वैद्यकी करण्याची मला हौसहि नाहीं. तरीसुद्धां हा विषय मीं मागून घेतला. आपल्या धर्मग्रामांतील एका मुलाच्या दुखण्याविषयीं मीं त्याच्या आईस चुकीचा सल्ला दिला होता. ती चूक मीं देवापाशीं केव्हांच कबूल केली आहे. तुमच्यापाशीं कबूल करण्याचें राहिलें होतें. महोत्सवांत आपण गेल्या वर्षांच्या कृपांचा हिशेब मांडतों. त्या हिशेबांत चुकांचेंहि एक पान असावें.

हकीकत अशी. आपल्या गायकवृंदांत एक मुलगा होता. गळा गोड, पण नाक सदैव वाहणारें. तो तोंडानेंच श्वास घेई. सकाळीं उठल्याबरोबर दहा-वीस शिंका, डोळ्यांना खाज, आणि नाक पुसून पुसून नाकावर पडलेली एक आडवी रेघ. रात्रीं तो घोरे व पहाटे खोके. त्याची आई एके दिवशीं मला म्हणाली, "फादर, याची सर्दी कांहीं जात नाहीं जी. कधींकधीं छातींत शिट्टीहि वाजते. डॉक्टरांनीं पंप दिला आहे, पण सासूबाई म्हणतात, पंपाची संवय लागते." मीं तिला काय सांगितलें ? मीं म्हणालों, "बाई, घाबरूं नका. वाफ द्या, थंड देऊं नका. मलाहि लहानपणीं असेंच होतें. वयांत आला म्हणजे आपोआप जाईल." माझ्या शब्दास या धर्मग्रामांत मान आहे, म्हणून त्या घरांत पंप कपाटांत गेला.

त्याच वर्षीं नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेंत तो गात होता. नागपूरची डिसेंबरांतली थंडी तुम्हांस ठाऊक आहे. गोठ्याच्या देखाव्यासाठीं वाळलेलें गवत पसरलेलें, त्यांतून धूळ उडत होती. आणि वेदीजवळ मीं स्वतः धूपदान हालवीत होतों. दुसऱ्या गीताच्या मध्येंच त्याचा आवाज तुटला. तो पायरीवर बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून पुढें वाकला. मानेच्या शिरा ताणल्या होत्या, गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासाबरोबर आंत ओढला जात होता, आणि त्याला एक वाक्यसुद्धां पुरें बोलतां येत नव्हतें. पंप घरीं होता. लोकांनीं पाहूं नये म्हणून तो आणलाच नव्हता. त्याला रुग्णालयांत नेलें, प्राणवायु लावला, आणि देवाच्या दयेनें व डॉक्टरांच्या तत्परतेनें तो वांचला. पहाटे त्या तरुण डॉक्टरीणबाईंनीं बाहेर येऊन आईला पहिला प्रश्न विचारला तो छातीविषयीं नव्हता. त्यांनीं विचारलें, "याचें नाक केव्हांपासून बंद आहे ?" आई माझ्याकडे पाहूं लागली. मला उत्तर देतां आलें नाहीं.

त्या प्रश्नाचा अर्थ समजून घेण्यासाठीं मीं पुढें पुष्कळ वाचलें व जाणत्यांस विचारलें. तोच अर्थ आज तुमच्यापुढें ठेवतों.

आपण नाक आणि छाती हे दोन निराळे अवयव समजतों. नाकाचे डॉक्टर वेगळे, छातीचे वेगळे. आपल्या मेडिकलमध्यें वा मेयोमध्यें गेलें तर चिठ्ठ्याहि वेगळ्या. रोग्यांच्या सोयीसाठीं ही वांटणी ठीक आहे; परंतु नाकपुडीपासून तों फुप्फुसांतील बारीक नळ्यांपर्यंत हा एकच मार्ग आहे, आणि त्याच्या फार मोठ्या भागास आंतून एकाच जातीचें अस्तर आहे. त्या अस्तरावर डोळ्यांस न दिसणारे सूक्ष्म केस असतात. ते सतत हालत राहून चिकट कफाबरोबर धूळ बाहेर लोटतात. घराच्या ओसरीला आग लागली तर माजघराला धग लागणारच. नाकांतील दाह व छातींतील दाह यांचा संबंध असाच आहे.

देवानें नाकास तीन कामें नेमून दिलीं आहेत : हवा गाळणें, हवा ऊबदार करणें आणि हवा ओली करणें. नाक बंद झालें म्हणजे माणूस तोंडानें श्वास घेतो. मग न गाळलेली, थंड, कोरडी हवा थेट छातींत उतरते, आणि ज्याच्या श्वासनलिका आधींच चिडखोर आहेत त्याच्या नळ्या आवळल्या जातात. हें पहिलें कारण.

दुसरें कारण अधिक खोल आहे. परागकण किंवा धूळ यांची ज्यास ॲलर्जी आहे, त्याच्या नाकांत ते कण शिरतांच शरीर जणूं शत्रूवर स्वारी करावी तसें सैन्य गोळा करतें. त्या सैन्यांत एका जातीच्या पांढऱ्या पेशी असतात, त्यांस इओसिनोफिल म्हणतात. त्या हाडांतील मगजांत तयार होऊन रक्तांत येतात. आणि रक्त कांहीं केवळ नाकापुरतें वाहत नाहीं. म्हणून नाकांत पेटलेल्या भांडणाचे शिपाई छातींतहि जाऊन पोहोंचतात. नाकांतून छातीकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या संदेशांचाहि यांत भाग असावा, असें तज्ञ मानतात.

तिसरी गोष्ट सायनसांची. गालांच्या, कपाळाच्या व नाकाभोंवतालच्या हाडांत पोकळ्यांच्या चार जोड्या आहेत. त्यांची तोंडें नाकांत उघडतात. नाकाचें अस्तर सुजलें कीं हीं तोंडें बंद होतात, आंत कफ सांचतो, डोकें व गाल जड होतात, वास येईनासा होतो, आणि कफ घशामागून खालीं उतरत राहतो. हा दाह तीन महिन्यांहून अधिक टिकला तर त्यास जुनाट म्हणतात. कित्येकांच्या नाकांत मग द्राक्षांच्या मण्यांसारखें मऊ मांस वाढतें. अशा माणसाचा दमा पुष्कळदां हट्टी असतो.

हें ज्ञान अगदींच नवें नाहीं. आपल्याच देशांत चरकसंहितेंत तमकश्वासाचें वर्णन आहे. तेथें हा विकार जडतांना नाकांत पीनस होतो व घशांत घुरघुर वाजते, निजल्यानें त्रास वाढतो, बसल्यानें बरें वाटतें, आणि ढगाळ हवा, थंडी व गार वारा यांनीं तो बळावतो, असें सांगितलें आहे. पाश्चात्य देशांत जॉन बॉस्टॉक या इंग्रज वैद्यानें १८१९ मध्यें दर उन्हाळ्यांत येणारी स्वतःचीच सर्दी व छातीचा दाटपणा यांचें टिपण प्रसिद्ध केलें. आणि १८७३ मध्यें चार्ल्स ब्लॅकले यानें स्वतःच्या नाकावर प्रयोग करून, ही पीडा गवताच्या परागांपासून होते असें दाखविलें. पुढें वैद्यकाच्या शाखा फुटत गेल्या आणि नाक एकाकडे, छाती दुसऱ्याकडे गेली. १९९९ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्यानें तज्ञांची सभा भरली, व २००१ च्या त्यांच्या अहवालानें दोहोंचा विचार एकत्र करण्याचा आग्रह धरला. दमेकऱ्यांपैकीं बहुतेकांस नाकाचा विकार असतो. कांहीं पाहण्यांत हें प्रमाण शंभरांत ८० पर्यंत आढळलें आहे. उलट नाकाची ॲलर्जी असणाऱ्यांत शंभरांत १० पासून ४० जणांस दमा आढळतो. म्हणून नियम दुहेरी आहे : दमेकऱ्याचें नाक तपासावें, आणि सदा शिंकणाऱ्याची छाती ऐकावी.

आतां आपल्या नागपूरकडे वळूं. मी सेमिनरी हिल्सवर शिकत होतों तेव्हां पावसाळा सरतांना पहाटेच्या प्रार्थनेंत मला शिंकांची माळ लागे, आणि शेजारचे विद्यार्थी हंसत. कारण माझ्या ध्यानांत आलें नव्हतें. तें आपल्या रिकाम्या भूखंडांवर, रेल्वेच्या कडेला, शाळांच्या कुंपणाशीं उभें असतें : गाजरगवत. हें मूळचें अमेरिका खंडांतलें. आपल्या देशांत त्याची ठळक नोंद १९५५ च्या सुमारास पुण्यांत झाली, आणि तेथून तें देशभर पसरलें. त्याच्या परागांनीं नाक वाहतें व दमा उसळतो. पाल्याच्या स्पर्शानें कातडीस खाज सुटते. १९८४ मध्यें तें खाणारा मेक्सिकोंतील एक भुंगा आपल्या देशांत मुद्दाम सोडण्यांत आला, पण गवत अजून हरलें नाहीं. संत्र्याच्या फुलांस मात्र उगाच दोष देऊं नका. ज्या फुलांकडे मधमाशी जाते, त्यांचा पराग जड व चिकट असतो; माणसास पीडा देतो तो बहुधा वाऱ्यावर उडणारा, ज्याच्या फुलाकडे आपण ढुंकूनहि पाहत नाहीं.

दुसरा नागपुरी शत्रु आपण पैसे देऊन घरांत आणतों. पारा ४५ अंशांच्या पुढें गेला म्हणजे कूलरावांचून येथें निभाव नाहीं, हें मी जाणतों. परंतु गेल्या वर्षींचें गवत, टाकींतलें शिळें पाणी व जाळीवरची बुरशी तशीच ठेवून चैत्रांत कूलर सुरू केला, तर ती बुरशी रात्रभर आपल्या तोंडावर फुंकली जाते. टाकी घांसावी, गवत वा वाळा दरवर्षीं नवा घालावा, पाणी वरचेवर बदलावें. गादी-उशांतील धुळींत डोळ्यांस न दिसणारे किडे असतात. चादरी व अभ्रे आठवड्यास गरम पाण्यानें धुवावे. हिवाळ्यांत कचरा व टायर जाळून शेकोट्या पेटतात. कोराडी-खापरखेड्याच्या बाजूस राहणाऱ्यांस विजेच्या कारखान्यांच्या राखेचाहि अनुभव आहे. कारखान्याचा धूर थांबविणें तुमच्या-माझ्या एकट्याच्या हातीं नाहीं. अंगणांतला थांबविणें आहे.

आतां औषधांविषयीं, कारण माझी चूक तेथेंच झाली. पंपाची संवय लागते हा समज खोटा आहे. चष्म्याची संवय लागते म्हणून कोणी आंधळेपणानें चालत नाहीं. पंप दोन प्रकारचे असतात. एक तात्काळ नळ्या उघडणारा. दुसरा रोज घ्यावयाचा, दाह शमविणारा. श्वासावाटे घ्यावयाचें हें दाहशामक औषध १९७२ पासून प्रचारांत आहे. त्याची मात्रा मायक्रोग्रॅममध्यें, म्हणजे एका ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागांत मोजतात, व तें थेट जेथें पाहिजे तेथें पोहोंचतें. तें घेतल्यावर चूळ भरावी. केवळ तात्काळ आराम देणाऱ्या पंपावर विसंबून राहूं नये, असें २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शनांत स्पष्ट सांगितलें आहे. कारण त्यानें धूर जातो, विस्तव राहतो. आपल्या देशांत दमेकरी तीन कोटींहून अधिक आहेत, आणि जगांत दम्यानें होणाऱ्या मृत्यूंत आपल्या देशाचा वांटा शंभरांत चाळिसांहून अधिक असल्याचा अंदाज आहे. औषधें आपल्याच देशांत बनतात, तरी तीं पुष्कळांच्या कपाटांतच राहतात.

नाकासाठींहि तसाच दाहशामक फवारा असतो. तो मारतांना मान किंचित् पुढें झुकवावी, उजव्या नाकपुडींत डाव्या हातानें व डाव्या नाकपुडींत उजव्या हातानें मारावा, म्हणजे धार मधल्या पडद्यावर न जातां बाहेरच्या बाजूस जाते. परिणाम दिसण्यास कांहीं दिवस लागतात. दोन दिवसांत टाकून देऊं नये. मिठाच्या पाण्यानें नाक धुणें उत्तम; मात्र पाणी उकळून कोमट केलेलें असावें, नळाचें कच्चें पाणी नाकांत घालूं नये. नाक तात्काळ मोकळें करणारे थेंब दुकानांत मिळतात; ते चार-पांच दिवसांपलीकडे घातल्यास नाक उलट अधिक बंद होतें. वाफेनें घटकाभर बरें वाटतें, पण दाह जात नाहीं. आणि उकळत्या पाण्याचें भांडें उलटून मुलें भाजतात. मीं सांगितलेला उपाय हाच होता, हें पुन्हां सांगतों.

एक विशेष सावधगिरी. ज्यांच्या नाकांत मांस वाढलें आहे व ज्यांना दमाहि आहे, अशांपैकीं कांहींना ॲस्पिरिन व त्या जातीच्या वेदनाशामक गोळ्यांनीं एकाएकीं भयंकर दमा उठतो. फ्रान्समधील विडाल यांनीं १९२२ मध्यें हें त्रिकूट वर्णिलें, व १९६८ मध्यें सॅम्टर आणि बीअर्स यांनीं तें पुन्हां जगापुढें मांडलें. सायनसानें डोकें दुखतें म्हणून शेजारणीची गोळी घेण्यापूर्वीं हें आठवावें.

आणखी एक. "हमखास दमा बरा" म्हणून पुड्या विकणारे कित्येकदां त्यांत तीव्र स्टेरॉइड मिसळतात. पोटांत जाणारें तें औषध डॉक्टरांच्या देखरेखीवांचून घेणें धोक्याचें. २०२१ च्या उन्हाळ्यांत नागपुरांत काळ्या बुरशीनें किती जणांचे डोळे व जबडे नेले, तें आपण विसरलों नाहीं. वाढलेली साखर व बेसुमार स्टेरॉइड यांनीं त्या रोगास वाट करून दिली, आणि त्याचा प्रवेश नाकांतून व सायनसांतूनच झाला. पण म्हणून मायक्रोग्रॅमच्या पंपास भिऊं नये. दिव्याची वात आणि वणवा एक नव्हेत. मृगाच्या दिवशीं हैदराबादेस माशांतून दिलें जाणारें औषध घ्यावयास लोक दूरदूरहून जातात. जाणाऱ्यांची मी थट्टा करीत नाहीं. श्वासासाठीं तळमळणारा माणूस कोठेंहि जाईल. माझी विनंति इतकीच कीं, जातांना पंप बरोबर न्यावा व परत आल्यावर बंद करूं नये.

बोलतांना वाक्य तुटूं लागलें, गळ्याखालचा खळगा आंत ओढला जाऊं लागला, ओठ निळे पडले, किंवा पंप घेऊनहि आराम पडेना, तर त्या क्षणीं रुग्णालय गांठावें. तेथें प्रार्थना वाटेंत करावी, घरीं बसून नव्हे.

आतां लाजेविषयीं. मुलीच्या पिशवींत पंप दिसला तर लग्न मोडेल, म्हणून तो लपविणाऱ्या माता माझ्याकडे येतात. मी वरपक्षास विचारतों, लपविलेला दमा पाहिजे कीं आवरलेला ? आवरलेल्या दम्याची मुलगी धांवते, गाते, संसार करते. लपविलेला दमा एखाद्या रात्रीं दार ठोठावतोच.

बंधुभगिनींनो, उत्पत्तीच्या पुस्तकांत देवानें मातीच्या मनुष्याच्या नाकपुड्यांत जीवनाचा श्वास फुंकला असें सांगितलें आहे. छातींत नव्हे, नाकपुड्यांत. तें वचन मीं कितीदां वाचलें असेल ! परंतु त्या पहाटे रुग्णालयाच्या ओसरीवर तें मला नव्यानें ऐकूं आलें. ज्या दारानें देवाचा श्वास आंत आला, तें दार मीं क्षुल्लक समजलों होतों.

दरवर्षीं ३ फेब्रुवारीस, संत ब्लेझच्या सणीं, तुम्ही गळ्यावर आशीर्वाद घेण्यास येतां. मी दोन मेणबत्त्या गळ्याशीं धरून आशीर्वाद देतों, आणि देत राहीन. पण आतां दमेकऱ्यास हळूच विचारतोंहि, "पंप खिशांत आहे ना ?"

म्हणून या महोत्सवाच्या वर्षीं आपल्या मंदिरानें स्वतःपासून आरंभ केला आहे. धूप अगदीं थोडा, व खिडक्या उघड्या ठेवून. गायकवृंद वेदीपासून दूर. गोठ्यासाठीं वाळल्या गवताऐवजीं स्वच्छ कापड. सभागृहाच्या कूलरांची उन्हाळ्यापूर्वीं सफाई. आणि पहिला पाऊस पडल्यावर, फूल धरण्यापूर्वींच, तरुणमंडळानें हातमोजे घालून व तोंडास फडकें बांधून आवारांतलें गाजरगवत मुळासकट उपटावयाचें आहे. ज्यांस दमा आहे त्यांनीं या कामास येऊं नये. त्यांनीं चहा करावा.

तो मुलगा आज येथेंच बसला आहे. त्याची परवानगी घेऊनच मीं हें बोललों. त्याच्या नाकावर नीट उपचार झाले, रोजचा पंप सुरू राहिला, आणि कांहीं महिन्यांनीं त्याच्या आईनें मला सांगितलें, "फादर, आतां रात्रीं तो तोंड मिटून झोंपतो." गेल्या नाताळांत त्यानें दुसरें गीत शेवटपर्यंत म्हटलें. मी वेदीपाशीं उभा राहून प्रत्येक ओळीस त्याचा श्वास ऐकत होतों, हें त्यास आजच कळत असेल.

 देव तुमच्या घरांतील लहानथोरांस मोकळा श्वास देवो.